पाणी तुटलेल्या सरीतला हरभरा

"हरभऱ्याची भाजी पायजे असंल तर शेंडे खुडायचे असत्यात, मुळं न्हाई."

कौमुदीने दचकून वर पाहिलं. बांधावर एक तरुण हसत उभा होता... आणि तिच्या हातात मुळासकट उपटलेलं रोप! तिकोणा पेठ गावातल्या, नमुने घ्यायला परवानगी दिलेल्या नथूभाऊंचं रान समजून ती या तरुणाच्या, ओंकारच्या, वावरात शिरली होती.

ओशाळून तिने सांगितलं, ती तळेगावची, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींवर पीएचडी करते. नखाने तिने एक गाठ फोडली. आतून गुलाबी. हा रंग आहे तोवर गाठीतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला पुरवतात. पाणी तुटलं की प्राणवायूचेच जहाल कण तिथे साठतात, रंग जाळतात, गाठ हिरवट पडते.

"आन रंग परत येतो का?" ओंकारने विचारलं, गाठीकडे मात्र तो बघत नव्हता.

"वेळेत पाणी मिळालं तर..." ती उगाच माती झटकू लागली.

प्रयोगासाठी त्याने चार सऱ्या दिल्या. दोन ओलिताच्या, दोन तहानलेल्या. हिवाळाभर ती स्कूटरवरून येत राहिली. कामं लवकर उरकायची, गप्पा मात्र उरकत नसत.

माघात तिने तहानलेली रोपं उपटली. गाठी गुलाबीच! हे वाण दुष्काळाला दाद देत नाही, असं म्हणत तिने आनंदाने त्याचा हात धरला. ओंकारने सकाळीच त्या सऱ्यांत ओल पाहून आईला विचारलं होतं. आता गप्प राहिलं, तर हा हात असाच राहणार होता.

"कौमुदी, हे खरं न्हाई," तो म्हणाला. "आईला सुकलेली रोपं बगवत न्हाईत. ती कळशीनं पाणी घालतीय."

तिने हात सोडवला. एक हंगाम वाया गेला होता. डोळे पुसत, चहाही न घेता ती निघून गेली. मग ना फोन, ना निरोप.

हरभरा काढणीला आला तेव्हा स्कूटर पुन्हा बांधाशी थांबली. ओंकारची आई, शालूबाई, अपराध्यासारख्या उठल्या, तर कौमुदी त्यांच्याशेजारी घाटे सोलायला बसली. पुढच्या रब्बीत प्रयोग पुन्हा करायचं ठरलंय, असं तिने सांगितलं.

"हितंच?" ओंकारने भीतभीत विचारलं.

"तू गप्प बसला असतास, तर मी खोटंच छापलं असतं," ती हळूच म्हणाली. "इतकं रडवलंस... तरी विश्वास तुझ्यावरच बसला. आईबाबांना रविवारी घेऊन येऊ?"

शालूबाईंचे हात थांबले.

"जेवायलाच आण त्यांना," ओंकार म्हणाला.