चढाला मी आहे ना

रविवारी सकाळी चौक गावच्या बस स्टॉपवर चहा पिणाऱ्या सायकलवाल्यांची बोलणी कुणी तिऱ्हाइताने ऐकली, तर त्याला वाटेल, कुणाच्या तरी लग्नाचं ठरतंय. वजन किती, उंची किती, दिसायला कशी, पुढे काही खोड निघाली तर बघणार कोण. कार्बनची घ्यावी की ॲल्युमिनियमची, डिस्क ब्रेक हवेत की साधे चालतील, एवढ्यावरून पन्नाशीच्या बाप्यांनी एकमेकांशी अबोला धरलेला मी पाहिलाय.

माझ्या सायकलबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. ती माझ्यासाठी नाही.

"सुचेताबेन, ही रेसवाल्या पोरांची गाडी आहे," गोवर्धन दर रविवारी सांगायचा. त्याचं भाईंदर पश्चिमेला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे त्याला गप्प बसवत नाही. "मागचं चक्र बघा, केवढंसं आहे. चढावर गुडघे जातील. मोठं चक्र टाकून देतो ना, अर्ध्या तासाचं काम."

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. मागचं दातेरी चक्र मोठं असलं की चढ हलका जातो, हे मला कुणी शिकवायला नको. मी म्हणायचे, "राहू दे रे गोवर्धन, सवय झालीये." आणि चहाचे पैसे द्यायला उठायचे.

खरं कारण बाळाराम होता. बाळाराम म्हणजे माझा नवरा, तारोडीचा कोळी, बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. चार वर्षांपूर्वी ही निळी सायकल दुकानात दिसली आणि तो तिच्यासमोरून हलेचना. मी म्हटलं, "अरे, हिला सोपा गिअरच नाही. डोंगरीचा चढ मी कशी चढू?" तर हँडलवर हात ठेवून म्हणाला, "चढाला मी आहे ना." झालं. घेतली सायकल. दोन माणसांशिवाय चढ न चढणारी सायकल एका बाईला घेऊन देणारा माणूस होता तो, आणि मीही शहाणी, घेतली.

आमच्या ग्रुपात रिवाज आहे. चढावर कुणी दमलं की दमदार माणूस त्याच्या उजव्या अंगाला येतो, डावा तळवा त्याच्या पाठीवर टेकवतो आणि ढकलत नेतो. अचानक हात काढायचा नाही, समोरचा डगमगतो. त्याने स्वतःहून "सोड" म्हटलं की मगच काढायचा. बाळाराम मला सगळा चढ ढकलायचा. मी वर पोचल्यावर "सोड" म्हणायचे, तेही लटक्या रागाने.

मागच्या मार्चमध्ये आठ दिवसांच्या न्यूमोनियाने तो गेला. सायकल मी दिवाळीनंतर बाहेर काढली. मुर्धा, राई ही गावं, दोन्हीकडची मिठागरं, तिथपर्यंत रस्ता सपाट आहे, काही वाटलं नाही. डोंगरीचा चढ लागला आणि मी उतरून सायकल हातात धरून चालत गेले. पुढच्या रविवारीही तेच. मुलगी, चांदणी, तिची सायकल घेऊन सोबत असायची. ती पुढे जाऊन वर थांबायची आणि माझ्याकडे न बघता पाणी प्यायची.

तिसऱ्या रविवारी मी ठरवलं, उतरायचं नाही. निम्म्या चढावर मांड्या भरून आल्या, सायकल जवळजवळ थांबली. एक पाय काढणार, तोच पाठीवर हात आला.

कमरेच्या थोडा वर. गरम, अंगठा मणक्याकडे वळलेला. झटका नाही, नेटाने, एकसारखा जोर. मी मागे वळून बघितलं नाही. का नाही बघितलं हे मला अजून सांगता येत नाही. वर पोचले, सवयीने "सोड" म्हटलं आणि हात गेला. चांदणी टाळ्या वाजवत होती.

मी भुताखेतांना मानत नाही. घरी आले, आंघोळही न करता वही घेऊन बसले. माझ्या पेडलमध्ये पॉवर मीटर आहे, म्हणजे माझे पाय किती वॅट ताकद लावतात ते कळतं. मी आणि सायकल मिळून सत्तर किलो, चढ शेकडा सहा, वेग ताशी चौदा किलोमीटर. एवढं व्हायला साधारण एकशे ऐंशी वॅट लागतात. मीटरने अठ्ठ्याण्णव दाखवले होते. वारा बघितला, तो समोरून होता. मीटर दोनदा तपासला. पुढच्या वेळी गोवर्धनचे मीटरवाले पेडल मागून लावले. आकडा तोच. ऐंशीएक वॅट दुसरं कुणीतरी लावत होतं.

त्या दिवशी चढावरून आम्ही दोघी तशाच पुढे सासूबाईंकडे तारोडीला गेलो. जिजाबाई अंगणात बोंबील उलथत बसल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"सुचेता, तुजी पाठ सगली भिजलीय," त्या म्हणाल्या. "न् ही येवरीच जागा सुकी हाय. अशी कशी गो?"

त्यांनी त्या सुक्या जागेवर, माप घ्यावं तसा, आपला हात ठेवला. मग काढून घेतला. "माजा हात लहान परतो," एवढंच म्हणाल्या आणि बोंबलांकडे वळल्या. निघताना त्यांनी मला नेहमीपेक्षा जास्त वेळ जवळ धरलं.

त्यानंतर मी रोज जायला लागले. कॉलेजच्या आधी, साडेपाचला उठून. चढ लागला की हात यायचा. मी बोलायचे त्याच्याशी. पापलेट केवढ्याला झालंय, बारावीची पोरं काय दिवे लावतायत, चांदणी आजकाल जेवताना फोन खाली ठेवत नाही. उत्तर नसायचं, पण मी थांबले की जोर किंचित वाढायचा, म्हणजे पुढे बोल. खोटं कशाला सांगू, मी सुखात होते. आठ महिने कोरडी ठणठणीत फिरलेली मी, त्या आठशे मीटरच्या चढावर पोटभर रडायचे आणि हसायचेसुद्धा. वर पोचलं की "सोड" म्हणणं जिवावर यायचं. मग मी ते म्हणायचं बंद केलं. हात आपोआप निघायचा, जरा उशिराने. पुढे पुढे उतारावरही थोडा वेळ राहायला लागला.

वहीतले आकडे खाली येत होते. अठ्ठ्याण्णव, ब्याऐंशी, एकसष्ट. जानेवारीत एक दिवस बावीस. बावीस वॅट म्हणजे पाय नुसते फिरतायत. कॉलेजचे दोन जिने चढताना मला धाप लागायला लागली. पँट कमरेत सैल झाली. मी पट्टा घेतला आणि विषय संपवला.

चांदणी मात्र आंधळी नव्हती. एका संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाली, "आई, मला बंगळुरूचं ऑफर लेटर आलंय. तीन आठवडे झाले."

"मग सांगितलं नाहीस ते?"

"कशी जाऊ? तुला अशी टाकून?"

"अशी म्हणजे कशी?"

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "मी काल तुझ्या मागोमाग आले होते, बघत होते तुला. तू पेडल मारत नव्हतीस. पाय थांबले होते तुझे, आई. आणि तू चढत होतीस." तिचा आवाज बारीक झाला. "मला काही विचारायचं नाहीये. फक्त ती सायकल बदल. नाहीतर सोपा गिअर टाक. तू तुझ्या पायांनी चढलेली मला एकदा दिसू दे, मग मी जाईन."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मला राग आला होता, तिचा नाही, माझाच. पोरीची नोकरी अडवून मी मेलेल्या नवऱ्याशी पापलेटच्या गप्पा मारत होते. तो असता तर त्याने काय म्हटलं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. शनिवारी सायकल गोवर्धनकडे नेली.

"मोठं चक्र टाक."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "अब क्या हुआ? इतक्या दिवसांनी?"

"पोरगी बंगळुरूला चाललीये. मला एकटीला चढायचंय."

त्याने अर्ध्या तासात चक्र बदललं, चेन बदलली आणि पैसे पुढच्या महिन्यात द्या म्हणाला. घरी जाताना पुलाचा चढ बसल्या बसल्या चढले. इतकं सोपं असतं, हे मी विसरूनच गेले होते.

रविवारी आम्ही दोघीच निघालो. थंडी होती, मिठागरांवर बगळे उतरले होते. राई मागे पडलं तेव्हा चांदणी पुढे गेली. "वर थांबते," म्हणाली. तिने फिकट पिवळा टी-शर्ट घातला होता, त्यामुळे दुरूनही दिसत होती.

चढ लागला. मी सोपा गिअर टाकला. पाय फिरत होते, छाती धडधडत होती, पण माझी मी चालले होते.

तरी हात आलाच.

नेहमीच्या जागी. नेहमीपेक्षा जड. मी थोडा वेळ तसाच राहू दिला. मग म्हटलं, "बाळाराम, पोरीला जायचंय रे. मी बघेन माझं. सोड आता."

काही झालं नाही.

"सोड ना, राजा."

हात उचलला गेला. त्या जागेवर एकदम गार वारा लागला. सायकल डगमगली, मी तिला सावरलं. मीटरवर एकशे पासष्ट दिसत होते. सगळे माझे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी चढत होते, आणि मला वाटलं, चांदणीने हे बघायला हवं.

मी वर बघितलं.

ती अजून वर पोचली नव्हती, तीसेक मीटर पुढे होती. तिचे पाय थांबले होते. सायकल मात्र चढत होती, आधीपेक्षा वेगात.

"आई, ढकलू नको ना," ती पुढे बघतच म्हणाली. हसत होती. "जमतंय मला. सोड."

तिच्या पिवळ्या टी-शर्टवर, कमरेच्या थोडं वर, कापड आत दबलेलं होतं.

"आई, सोड."

मला हाक मारायची होती. दम उरला नव्हता.

"आई?"

या वेळी ती हसत नव्हती. तिने ब्रेक दाबल्याचा आवाज आला. मागचं चाक फिरायचं थांबलं, आणि डांबरावर, चढाच्या दिशेने, टायरची काळी रेघ उमटत गेली.