जास्तीचा कप

कॉफीची कल्पना तिचीच होती. दादाचं म्हणणं असं की आपल्या रिकाम्या फ्लॅटवर भाड्याने उतरणारे पाहुणे दोन दिवस झोपायला येतात, त्यांना धुतलेली चादर आणि गरम पाणी दिलं की आपलं काम झालं. पण फ्लॅटवर राहून गेलेले लोक अभिप्रायात तेच तेच लिहायचे: जागा स्वच्छ, लिफ्ट चालू, सकाळच्या कॉफीची मात्र पंचाईत. म्हणून तिने ओट्यावर खिडकीच्या बाजूला एक कोपरा केला. विजेची किटली, कॉफीची बरणी, साखर, दूध पावडरीच्या पुड्या आणि पांढऱ्या कपबश्या. जितके पाहुणे असतील त्याहून एक कप जास्तीचा. ही सवय कॉलेजच्या प्रयोगशाळेतली. ऐनवेळी भांडं फुटून प्रयोग अडायला नको, म्हणून एक आधीच काढून ठेवायचं.

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन तिला वर्ष होत आलं होतं आणि नोकरीचं काही जमत नव्हतं. तोवर फ्लॅट तिच्याकडे. "आमची सायंटिस्ट चादरी बदलायला गेलीय," असं दादा कुणाचाही फोन आला की सांगायचा, आणि मागून वहिनीचं हसू ऐकू यायचं.

फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. बैठकीतून आत गेलं की अरुंद बोळ, उजवीकडे झोपायची खोली, समोर स्वयंपाकघर, आणि डावीकडे एक खिडकी नसलेली चिंचोळी खोली. तिथे जादा चादरी, टॉवेल, बल्ब आणि कॉफीच्या बंद बरण्या ठेवलेल्या असायच्या. त्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली तिच्याच जुडग्यात.

कोपरा केल्यानंतर पहिलं आलं ते एक निवृत्त जोडपं. ते गेल्यावर ती आवरायला आली, तर कुलूपबंद दाराशी जमिनीवर एक कप ठेवलेला. काठोकाठ भरलेला, वर बशी झाकलेली. म्हातारी माणसं, विसरली असतील, असं म्हणून तिने तो मोरीत ओतला. पुढच्या आठवड्यात यंत्रांचे सुटे भाग विकणारा एकटा माणूस राहून गेला. त्याचा एक कप धुऊन पालथा घातलेला आणि दुसरा त्या दाराशी, तसाच झाकलेला. मग एक आई आणि तिची मुलगी. पुन्हा तेच. ही माणसं एकमेकांना ओळखत असण्याचं काहीच कारण नव्हतं.

त्या वेळी तिने बशी उचलली आणि खालच्या बाजूचे थेंब तिच्या मनगटावर पडले.

मायलेकी सकाळीच गेल्या होत्या, आणि आता दुपार टळत आली होती. बशीच्या पोटाला अजून वाफ धरतेय म्हणजे कॉफी खोलीपेक्षा गरम आहे. तिने बोट बुडवून पाहिलं. गरम नव्हती, थंडही नव्हती. बोटाला काही लागलंच नाही म्हणा ना.

पुढची पाहुणी दातांची डॉक्टर होती. ती निघायच्या वेळी किल्ली घ्यायला ही मुद्दाम लवकर गेली. दाराशी कप होताच.

"हा इथे कुणासाठी ठेवलाय?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आतल्यांसाठी." डॉक्टरीणबाई बुटाची नाडी बांधत होत्या. "तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी नाही सांगितलं."

नाडीवरचे हात थांबले. "कुणीतरी सांगितलं खरं," त्या म्हणाल्या. "साखर नको, हेही सांगितलं." मग त्यांनी बॅग उचलली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरल्या.

तिने कुलूप काढून खोली पाहिली. चादरींच्या घड्या तिने घातल्या होत्या तशाच. बरण्यांची झाकणं बंद. भिंतीला हात लावला, गार होती.

भीती वाटली की माणसं देवाचं नाव घेतात. तिने कॉलेजचा थर्मामीटर शोधला. फ्लॅट रिकामा होता त्या दिवशी तिने सकाळीच दोन कपांत सारखी कॉफी केली, दोन्हींवर बश्या ठेवल्या. एक कप बैठकीतल्या टेबलावर, दुसरा त्या दाराशी. थोड्या थोड्या वेळाने ती पारा बघत राहिली. टेबलावरचा कप नियमाप्रमाणे निवत गेला आणि खोलीच्या तपमानाला जाऊन टेकला. दाराशी ठेवलेला निवता निवता सदतीस अंशांवर आला आणि तिथेच थांबला.

फरशी गार होती. खालून गरम पाण्याचा नळ जात नव्हता. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला विचारून तिने खात्री करून घेतली. मग तिने टेबलावरचा पार निवलेला कप उचलला आणि दाराशी ठेवला.

पारा चढू लागला.

सावकाश. सदतीसपर्यंत. पुढे नाही.

तिने दोन्ही कप मोरीत ओतले, आणि आपण नळ पूर्ण सोडून हात धुतोय, धुतोय, हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

तिने घरी सांगितलं तेही चुकीच्या दिवशी. दादा खोकी बांधत होता. भाड्याच्या घराच्या मालकाला जागा परत हवी होती, वहिनीला सातवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी तिला जिने चढायला बंदी केली होती. फ्लॅट आपलाच, तिथे लिफ्टही आहे, तेव्हा पाहुणे बंद करून आपणच राहायला जायचं असं ठरून गेलं होतं. तिने पाऱ्याचं सगळं सांगितलं तेव्हा दादाने सुतळी दातात धरूनच ऐकून घेतलं.

"सदतीस म्हणजे ताप नाही," तो म्हणाला. "मग काळजी कसली?"

वहिनी पोट धरून हसली. कॉफीच्या नुसत्या वासाने तिच्या पोटात ढवळायचं. "वन्सं, मी तर कॉफीला हातसुद्धा लावणार नाही," ती म्हणाली. "मग तर झालं?"

ते तिला पटलं. निदान पटवून घेण्यासारखं होतं. त्यांच्याआधी फ्लॅटवर जाऊन तिने किटली, बरण्या, पुड्या, सगळं पिशवीत भरून बाहेर काढलं. कपबश्याही देऊन टाकल्या. चिंचोळी खोली रिकामी केली, कुलूप काढलं आणि दाराखाली लाकडी पाचर ठोकली, म्हणजे ते सताड उघडं राहील आणि आत काही नाही हे येता जाता दिसेल. वहिनीने त्या खोलीत पाळणा ठेवायचं सुचवलं तेव्हा तिने खिडकी नाही, हवा खेळत नाही, असं काहीबाही सांगून ते टाळलं.

सामान लागलं. दिवस बरे गेले. वहिनीची झोप सुधारली, दादाने शिंप्याशी ओळख काढली. तिला एका पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून मुलाखतीला बोलावणं आलं. मुलाखत चांगली झाली. परतताना तिने वहिनीसाठी संत्री घेतली, आणि लिफ्टमध्ये आपण गुणगुणतोय हे जाणवून तिला स्वतःचंच हसू आलं.

वहिनी बैठकीत खुर्चीवर बसून इवलीशी झबली घडी घालत होती. दादा कामावर गेलेला. उन्हाचा पट्टा बोळापर्यंत आला होता.

चिंचोळ्या खोलीचं दार बंद होतं. पाचर बाजूला भिंतीशी नीट टेकून ठेवलेली.

दाराशी, जमिनीवर, घरातला रोजचा स्टीलचा पेला. वर वाटी झाकलेली.

"वहिनी," ती म्हणाली. "तू कॉफी केलीस?"

"छे. वास सहन होतो का मला?" वहिनीने झबल्याची बाही सरळ केली. मान वर केली नाही. "आता कॉफी नको म्हणाले. दूध ठेव म्हणाले."

"कोण म्हणालं?"

वहिनी आठवू लागली. आठवता आठवता पुढचं झबलं तिने हातात घेतलं.

ती दारापुढे गुडघ्यांवर बसली. पेल्याला बाहेरून हात लावला. ना गरम, ना गार, हाताला काही लागलंच नाही. वाटी उचलली. आतल्या बाजूने थेंब ओघळले.

दुधावर साय धरली होती. जाड, अखंड. फक्त दाराकडच्या कडेला ती फाटून आत ओढली गेली होती, आणि तिथली मोकळी जागा दोन ओठांएवढी होती. अगदी लहान ओठांएवढी.