शेवटच्याची ओ

शटर अर्धं ओढून घे रे. पूर्ण नको, वारा येऊ दे. आणि तुम्ही, सॅक भाड्यानं न्यायला आलात, न्या. हिमालयात एकट्यानं जायचं म्हणता, जा. मी अडवणार नाही. या गावात कोणी कोणाचं ऐकल्याचं मला आठवत नाही. पण जाण्याआधी कादंबरी नावाच्या पोरीचं काय झालं ते ऐकून जा. हे इकडून तिकडून कानावर आलेलं नाही. तिनं स्वतः सांगितलंय, आणि वर बजावलंय, "काका, सांगाल तेव्हा नावानिशी सांगा."

गेल्या वर्षीचा सप्टेंबर. गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल. कादंबरी इथंच, या काउंटरपाशी उभी होती. राहायला बिबवेवाडीला, नोकरी कॉम्प्युटरची, आणि इथं कसब्यात स्कूटर लावायला जागा मिळाली नाही म्हणून आल्या आल्या चिडलेली. तिला ऑक्टोबरात उत्तराखंडातली एक खिंड ओलांडायची होती. एकटीनं, पहिल्यांदाच. तयारी मात्र चोख. कुठल्या मुक्कामाला पाणी आहे, उंचीची सवय व्हायला कुठं जास्तीचा दिवस थांबायचं, हवा बिघडली तर कुठून परत फिरायचं, सगळं तोंडपाठ. सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेली पोरगी, तिला मी काय शिकवणार?

मी फक्त विचारलं, "एवढी वर्षं ग्रुपबरोबर हिंडलीस. आता एकटी का?"

ती सॅकचे पट्टे ओढून बघत होती. मान वर न करता म्हणाली, "एकट्याला मागं वळून बघावं लागत नाही, काका."

मला वाटलं, झाडतेय तत्त्वज्ञान. तसं नव्हतं.

दोन वर्षं आधीची गोष्ट. तिचा ग्रुप म्हणजे सर्जेरावांचा. सर्जेराव हडपसरचे, कारखान्यातून निवृत्त झालेले, डोंगरात कायम सगळ्यांच्या पुढं. त्यांचा एक नियम होता. अंधारात उतरताना पुढून ते हाळी देणार, "शेवट?" आणि रांगेतला सगळ्यात मागचा माणूस ओ देणार, "आलो!" मधल्यांनी तोंड उघडायचं नाही. ओ आली नाही तर रांग जागच्या जागी थांबणार आणि सर्जेराव उलटे वर चढणार. साधा नियम, पण त्याच्या जोरावर माणसं सुखरूप घरी येत होती.

त्या रात्री डोंगर उतरताना सगळ्यात मागं यज्ञेश्वर होता. ऐन पंचविशीतला, आईवडिलांना एकुलता एक, दिवसभर सगळ्यांची फिरकी घेणारा. त्याच्या पुढं कादंबरी. तिच्या टाचांना फोड आलेले, थंडीनं दात वाजताहेत, खाली गाड्या वाट बघताहेत. यज्ञेश्वर बुटात गेलेला खडा काढायला खाली टेकला. म्हणाला, "तू हो पुढं, मी आहे मागं." ती पुढं झाली. जरा वेळानं खालून हाळी आली, "शेवट?" मागून ओ नाही. पुन्हा हाळी. पुन्हा काही नाही. आता थांबायचं, कुडकुडत बसायचं, कदाचित परत वर चढायचं... तिच्या अगदी जिवावर आलं. येतच असेल की तो! तिनं आवाज घोगरा केला आणि ओरडली, "आलो!"

रांग चालू लागली.

ओ ऐकली म्हणून सर्जेरावांनी खाली आल्यावर डोकी मोजली नाहीत. दोन गाड्या होत्या, प्रत्येक गाडीला वाटलं तो दुसरीत आहे. वाटेत चहाला थांबले तेव्हा कळलं. तसेच मागं फिरले. उजाडता उजाडता तो घळीत सापडला. डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्या गेलेला नाही. बराच वेळ जिवंत होता.

"मी ओ ऐकली होती," सर्जेराव ज्याला त्याला सांगत राहिले. कोण मानणार? घळीत पडलेला माणूस ओ कशी देईल? शोकसभेला यज्ञेश्वरच्या वडिलांनी सगळ्यांदेखत हात जोडले. म्हणाले, "सर्जेराव, आपण उठा. आपण इथं बसू नका." सर्जेराव उठले. चपला घालताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. कादंबरी त्याच रांगेत बसली होती. एक वाक्य बोलली असती तर तो माणूस सुटला असता. ती बोलली नाही.

आधी भीती वाटली म्हणून. मग उशीर झाला म्हणून. मग इतका उशीर झाला, की आता सांगायचं कसं, म्हणून. सर्जेरावांनी डोंगर सोडला, नंतर माणसांत येणं सोडलं. आणि ही? हिनं एकटीनं जायचं ठरवलं. जिथं कोणी हाळी देणार नाही, कोणाला ओ द्यावी लागणार नाही. मनाला लाज वाटली की माणूस लांबचं तिकीट काढतो, दुसरं काय!

आता ती रात्र. विसर्जनानंतरचा दुसरा शुक्रवार. पितृपक्ष संपत आलेला. अकरा वाजून गेले होते, आई झोपली होती. कादंबरीनं सॅकमध्ये पिठाचे डबे आणि पुस्तकं भरली आणि ती जिना चढायच्या सरावाला बाहेर पडली. त्यांची इमारत नवी, बारा मजल्यांची. लिफ्ट असताना जिन्यानं जातो कोण? म्हणून जिन्यात असे दिवे लावलेले, की माणूस आला की लागतात आणि तो पुढं गेला की विझतात.

पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत आठव्या मजल्यावर तिला धाप लागली. पायरीवर बसली. हालचाल थांबली तसा डोक्यावरचा दिवा विझला.

तेव्हा तिला दिसलं. कठड्याच्या फटीतून, खाली कुठंतरी, उजेड होता.

रखवालदार असेल. रतन रात्री एकदा चक्कर मारतो.

तो दिवा विझला. त्याच्या वरचा लागला.

पावलं ऐकू येत नव्हती. रतनच्या चपला तर चांगल्या फटफट वाजतात.

ती उठून चढू लागली. खालचा उजेडही चढू लागला. ती थांबली. तोही थांबला. मजल्याचं अंतर तेवढंच. घाई नाही. रांगेतला माणूस चालतो तसं.

"रतन?"

काही नाही.

"कोण आहे?"

फक्त उजेड.

पळावं, तर पाठीवर एवढं ओझं. सॅक खांद्यांत रुतलेली. आणि मग, इतक्या वर्षांची सवय म्हणा, दुसरं काही म्हणा, तिच्या तोंडून तिला नको असलेला शब्द निघाला.

"शेवट...?"

खालून ओ आली.

"आलो."

यज्ञेश्वरचा आवाज असता तर ती एवढी हादरली नसती, असं ती मला म्हणाली. तो आवाज तिचा होता. घोगरा केलेला. त्या रात्री केला होता, अगदी तसा.

ती भिंतीला टेकली. खालचा दिवा विझला... वरचा लागला. आता एकच मजला.

"मी होते," ती म्हणाली. "ओ मी दिली होती. तुझी ओ... मी दिली."

तिनं कठडा धरून खाली बघितलं.

"मला कंटाळा आला होता रे. नुसता कंटाळा."

दिवा विझला. पुन्हा कुठलाच लागला नाही. तिच्या डोक्यावरचासुद्धा नाही, ती तिथं उभी असून. अंधारात कोणीतरी श्वास घेत होतं. तिचा असेल. तिला ठरवता आलं नाही.

घरात कशी आली, तिला आठवत नाही. पहाटेपर्यंत दाराला पाठ लावून बसली होती. फटफटायला लागलं तशी उठली आणि स्कूटर थेट हडपसरला घातली.

सर्जेरावांचं घर जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. दार त्यांच्या बायकोनं, सुशीलाबाईंनी उघडलं. हिचा चेहरा बघून काही न विचारता आत घेतलं आणि चहा टाकला. सर्जेराव खिडकीपाशी बसलेले. दोन वर्षांत दहा वर्षांनी म्हातारे झालेले. चहा समोर आला. तिनं कपाला हात न लावता सगळं सांगितलं. खडा, फोड, हाळी, घोगरा आवाज. शोकसभेत गप्प बसली तेही. एक शब्द गाळला नाही.

सर्जेराव खिडकीकडून तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "म्हंजे ओ आली होती."

"हो."

"मला वाटाया लागलं होतं, माझंच डोकं फिरलंय." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडत होती, पण तिच्या पाठीवर हात ठेवायला कोणी उठलं नाही, आणि ते बरोबरच होतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "हे त्याच्या आईबापाला सांगायचं. आजच. मी येतो संगं. पण बोलायचं तू."

"बोलते."

सुशीलाबाई आतून बाहेर आल्या. त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं, त्या स्वयंपाकघरात होत्या. म्हणाल्या, "अगं, त्या पोराला तरी आत बोलाव. मघापासनं पायरीवर बसलाय."

"कोण पोरगा?"

"तुझ्या मागनं जिना चढून आला न्हवं का? पाठीवर पिशवी हाय मोठी. आत ये म्हणलं तर नुसती मान हलवली. म्हणून चहा बाहेरच नेऊन दिला."

सर्जेराव उठले. कादंबरी उठली. दार उघडंच होतं.

पायरीवर कोणी नव्हतं. कप होता. तुम्ही डोंगरात हिंडता, तुम्हाला माहीत आहे, चहा पिऊन झाला की ज्यानं त्यानं आपला कप धुवायचा आणि पालथा घालायचा. तो कप धुतलेला होता. पालथा होता. खाली ओलं वर्तुळ उमटलेलं, कडेवरून अजून पाणी निथळत होतं.

त्या जिन्यात नळ नाही. मी जाऊन बघून आलोय.