मागचे दोन स्पीकर

होम थिएटर बसवताना मी पुढचे तीन स्पीकर आधी जोडतो, मागचे दोन शेवटी. मागच्या वायरी भिंतीच्या कडेने फिरवायला वेळ लागतो. तोवर गिऱ्हाइकाला पुढचा आवाज ऐकवला की ते खूश असतं. वाटूर फाट्यावर बारा वर्षं माझं दुकान आहे आणि माझी हीच पद्धत आहे.

त्या दुपारी मी गिरधारीलालजींच्या हॉलमध्ये होतो. त्यांनी ऐंशी ओलांडलेली, आडत दुकान आता मुलगा रजत बघतो. बाबूजींना ऐकू कमी येतं म्हणून होम थिएटर त्यानेच घेतलं होतं. तो बायकोमुलीला घेऊन जालन्याला गेलेला, त्यामुळे घरात आम्ही दोघेच होतो.

बाबूजींना सिनेमे बघायचे नव्हते. त्यांना मुलीच्या, एकताच्या, लग्नाचा व्हिडिओ बघायचा होता. त्यात त्यांची बायको लाडबाई गायली होती. या मारवाडी घरांत लग्नाच्या गाण्यात एकेका माणसाचं नाव घालून त्याला मांडवात बोलावतात, आणि नावं गुंफावीत तर लाडबाईंनी, असं सगळे म्हणायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

आता माझं पाप सांगतो. तीन वर्षांपूर्वी रजतने लग्नाची ती व्हिडिओ कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवायला माझ्याकडेच दिली होती. मी चित्राची पिवळी पिन लावली, आवाजाच्या दोन लावायच्या विसरलो आणि जेवायला गेलो. परत येईपर्यंत चित्र उतरलं होतं, आणि जुन्या व्हीसीआरने फीत चावून तिचा चोथा केला होता. मी चित्रावर सिनेमाची गाणी चढवली आणि ठोकून दिलं, की त्या काळी शूटिंगवाले असंच करायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. चोथा कचऱ्यात गेला.

"तीन साल झाले," बाबूजी म्हणाले, "तिचे ओठ हलताना दिसतात, पन गाण्याखाली आवाज लागत न्हाई. कानच गेले माझे. या मोठ्या मशीनवर बराबर लागंल, न्हाई का?"

म्हणजे तीन वर्षं हा माणूस स्वतःच्या कानांना दोष देत होता. मला लाज वाटली, पण मी मान हलवली आणि व्हिडिओ लावला.

पुढच्या स्पीकरमधून सिनेमाचं गाणं सुरू झालं. पडद्यावर पिवळी ओढणी घेतलेल्या लाडबाई ढोलकीजवळ बसून तोंड उघडत-मिटत होत्या. मी मागची वायर सोलत होतो. तेवढ्यात पाठीमागून बांगड्या वाजल्या.

मागचा स्पीकर स्टुलावर होता. त्याची वायर माझ्या हातात होती.

चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी आवाज कमी करून पाहिला. सिनेमाचं गाणं दबलं. बांगड्या दबल्या नाहीत. मग ढोलकीवर थाप पडली, आणि थोड्या घोगऱ्या आवाजात एक बाई गायला लागली.

बाबूजींनी डोळे मिटले. "आली बघ," ते म्हणाले.

आधी गिरधारीलाल हे नाव आलं, मग रजत आणि एकता. प्रत्येक नावापाशी गाणं थोडं थांबायचं, कुणीतरी आत यायची वाट बघितल्यासारखं.

मग मोना हे नाव आलं.

मोना रजतची मुलगी, दोन वर्षांची. लग्न दोन हजार एक साली झालेलं.

मी मेन स्विच पाडला. पडदा काळा झाला, पंखा थांबला. गाणं चालूच राहिलं.

मी बाबूजींच्या पायाशी बसलो. "बाबूजी, तुमचे कान गेले न्हाईत. आवाज माझ्या हातून गेल्ता. मी खोटं बोललो."

त्याच क्षणी मला गाणं ऐकू यायचं बंद झालं.

बाबूजी मात्र गुडघ्यावर बोटाने ताल धरून होते. त्यांनी मला हाताने गप्प केलं.

"थांब. आता तुझ्या घरचे नावं घेऊन राह्यली."

मी खूप कान लावला. काही नव्हतं.

"बिभीषण, प्रांजली कोन रे?"

प्रांजली माझी मुलगी. चार वर्षांची. या वेळी ती दुकानामागच्या आमच्या राहत्या खोलीत झोपलेली असते. तिचं नाव मी या घरात कधीच घेतलं नव्हतं.

बाबूजी डोळे मिटूनच हसले.

"ही म्हनती, पोरगी घरून निघाली."