बोटाची साक्ष

विलासरावांच्या डाव्या दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवलेली होती, आणि तिच्यावर त्यांचा बायकोपेक्षा जास्त विश्वास होता. चकती साखर मोजायची आणि पोटावरचा इवलासा पंप तो आकडा बघून इन्सुलिन सोडायचा. साताऱ्यातल्या पेढेवाल्याला आणखी काय हवं?

फक्त एक काम माणसाकडे उरलं होतं. चकती कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजते, रक्तातली नाही, त्यामुळे ती कधीकधी भरकटते. म्हणून रोज बोट टोचून रक्तातला आकडा तिला सांगायचा, की ती आपलं मोजमाप सुधारून घेते. याला ‘जुळणी’ म्हणत. चकती लावल्यापासूनच्या दोन महिन्यांत विलासरावांनी ती एक दिवस चुकवली नव्हती. सकाळी बरोबर सातला, पेढे वळता वळता बोट टोचायचं आणि पुन्हा परातीत हात घालायचा. कंपनीने त्यांना आदर्श रुग्णाचं प्रशस्तिपत्र दिलं होतं. ते दुकानात, गिऱ्हाइकांना दिसेल असं टांगलं होतं.

त्या मंगळवारी मात्र हातातला पेढाच निसटला. कपाळावर घाम, हात लटलटायला लागले. त्यांच्या बायकोने, शैलाताईंनी, फोनवर चकतीचा आकडा पाहिला. एकशे चौतीस, अगदी ठीक. विलासराव म्हणाले की उगाच घाबरू नकोस, पण बोलताना त्यांची जीभ जड झाली होती.

शैलाताई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या बोट टोचायला गेल्या, तर खव्याने माखलेल्या हातावर रक्ताचा थेंबच दिसेना. मग त्यांनी नवऱ्याचे हात साबणाने खसाखसा धुतले, पुसले आणि बोट टोचलं.

एकावन्न!

त्यांनी आधी पंप बंद केला आणि दोन पेढे नवऱ्याच्या तोंडात कोंबले. पंधरा-वीस मिनिटांनी विलासरावांचं डोकं ठिकाणावर आलं. एक शंका मनाला चाटून गेली, तसं त्यांनी तेच धुतलेलं बोट पुन्हा परातीत बुडवलं आणि टोचून पाहिलं. दोनशे सत्तर.

दोन महिने ते चकतीला रक्तातली साखर सांगतच नव्हते, बोटाला लागलेली पेढ्याची साखर सांगत होते. चकती बिचारी बरोबरच मोजत होती. रोज त्यांनीच तिला खोटं पाडलं, ती थोडी थोडी सरकत गेली आणि पंप नको तेवढं इन्सुलिन सोडत राहिला.

मग त्यांची नजर प्रशस्तिपत्रावर गेली. खालची बारीक अक्षरं त्यांनी आज पहिल्यांदा वाचली. ‘आपल्या नियमित जुळणीवरून, आपल्या चकतीसोबत एकाच तुकडीत बनलेल्या नऊशे चकत्यांचं मोजमापही सुधारलं जातं.’

त्याच तुकडीतली एक पेटी त्यांनी स्वतः पुण्याला पाठवली होती, तेजलला. त्यांच्या लेकीला लहानपणापासून मधुमेह होता, तिच्याही पोटावर असाच पंप होता आणि ती तिथे एकटी राहायची.

शैलाताई एका फोनवरून कंपनीला गाठत होत्या. दुसऱ्या फोनवर विलासराव लेकीला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. शेवटी तिने उचलला.

“आबा, आज फार गळून गेल्यासारखं वाटतंय,” तेजल एकेक शब्द ओढत म्हणाली. “पण आकडा छान आहे. एकशे एकवीस.”

“आधी साखर खा, बाळा. आत्ता. फोन ठेवू नकोस.”

“पण साखर वाढेल ना, आबा? तुम्हीच तर सांगता, डोळे मिटून चकतीचं ऐकायचं. मग आता कुणाचं ऐकू?”