तनयाच्या ओटीचा नारळ

ही घटना ऐकीव नाही. जिच्या घरात घडली ती तनया आजही जर्मनीत बॉनमध्ये, त्याच तिसऱ्या मजल्यावर राहते.

शनिवार, २० जानेवारी २०२४. संध्याकाळचे पाच. बाहेर बर्फ.

तनयाला आठवा महिना होता. आधीचा गर्भ तिसऱ्या महिन्यातच गेलेला, म्हणून या वेळी सासूबाई, यमुनाबाई, सांगलीहून मुद्दाम आल्या होत्या. आज संक्रांतीचं हळदीकुंकू, उद्या डोहाळजेवण.

दारासमोरच्या भिंतीवर एक जपानी चित्र होतं. लाकडी ठशांनी छापलेलं. तिच्या नवऱ्याने, उत्कर्षने, फ्लोमार्क्टमधून, जुन्या वस्तूंच्या बाजारातून आणलेलं. बर्फातलं जुनं टोकियो. विटांच्या विलायती इमारती, गॅसचे दिवे, आणि युरोपियन तैलचित्रांत असतात तशा माणसांच्या लांब सावल्या. मधोमध पाठमोरी बाई. एका हातात छत्री. दुसरा हात रिकामा, लोंबता.

आठ बायका वाण घेऊन गेल्या. मैत्रीण मीनल तेवढी मागे थांबली. तनया आणि ती किचनमध्ये होत्या. दिवेलागणीची वेळ, म्हणून यमुनाबाईंनी दार उघडंच ठेवलं होतं.

थोड्या वेळाने त्या हात चोळत आत आल्या.

"किती गार हात गं त्या जपानी बाईचे!"

"कुठली जपानी बाई, आई?"

"आत्ता आली होती ती. छत्रीवाली. तोंडातून शब्द नाही, नुसती वाकली."

मीनल हसली. "काकू, इथली शेजारीण यायची तर आधी टेर्मीन घेते, वेळ ठरवून येते!"

"दारात आलेली बाई, रिकामी कशी पाठवू? ओटी भरली तिची." यमुनाबाई अडखळल्या. "नारळ संपले होते गं. उद्या तुझ्या ओटीत घालायचा बाजूला ठेवला होता... तोच दिला."

तनया जिन्यात गेली.

कोणी नव्हतं. पायऱ्या कोरड्या.

ती मागे वळली.

चित्राखाली तांदळाचे दाणे सांडले होते. ओले...

चित्रात बर्फ होता. दिवे होते. बर्फावर लांब सावलीही होती...

बाई नव्हती.

मीनलला हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि हात आपोआप पोटावर गेला.

दुपारभर लाथा मारणारं बाळ शांत होतं.

गार पाणी प्यायली. डाव्या कुशीवर झोपली. अर्धा तास...

काही नाही.

हॉस्पिटलमधली सुईण पोटावर यंत्र फिरवत राहिली. डावीकडे. उजवीकडे. खाली. खोलीत नुसती खरखर. मग ती डॉक्टरांना बोलवायला गेली. जाताना तिने तनयाकडे पाहिलं नाही.

मुलगा होता.

नाळ तपासली, रक्त तपासलं. रिपोर्टमध्ये लिहिलं: कारण सापडलं नाही.

चौथ्या दिवशी ती घरी आली. दार उघडताच समोर चित्र.

बाई परत आली होती. पाठमोरीच. छत्री खांद्याला टेकवलेली. दोन्ही कोपरं दुमडलेली, छातीशी काहीतरी धरल्यासारखी...

उत्कर्षने चित्र खिळ्यावरून ओढलं. "आत्ताच्या आत्ता कचऱ्यात टाकतो हे!"

"हात लावू नकोस!"

इतकी मोठ्याने ती आयुष्यात कधी ओरडली नव्हती.

चित्र अजून त्याच घरात आहे. थंडी सुरू झाली की तनया ते भिंतीवरून काढून हायत्सुंगला, खोलीतल्या हीटरला, टेकवून ठेवते. गरम लोखंडाशी राहून कागद पिवळा पडलाय, कडा वळल्यात. उत्कर्ष एकदाच म्हणाला, "अगं, जळेल ते."

"तिकडे बर्फ पडतोय," ती म्हणाली.