फ्रिजमधला पिवळा डबा

"उलट्या होत होत्या, बाई एकट्या होत्या, त्यात सुट्टीचे दिवस. कुणाला कळलंच नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "साखर वाढली. दैवापुढे कुणाचं चालतं?"

विमानातून उतरून ताई थेट शवागारात गेली होती. धाकट्या बहिणीच्या गार कपाळावरून हात फिरवून आली होती. आणि आता शिक्षकांच्या इमारतीत, त्याच बहिणीच्या खोलीत उभी होती. दैवाचं नाव काढलं की तिचं डोकं फिरायचं. जन्मभर शाळा तपासण्याची नोकरी केलेली बाई ती. दैवाकडे बोट दाखवणारे मुख्याध्यापक तिने पायलीचे पन्नास पाहिले होते, आणि दर वेळी शाळेचं छप्परच गळत असायचं.

धाकटी इथे भूगोल शिकवायची. लहानपणापासून मधुमेह, रोजचं इन्सुलिन. परदेशातली ही नोकरी दोघींनी मिळून निवडली होती. रुजू होताना शाळा प्रत्येकाला विचारायची, पूर्ण पगार हवा की कमी पगार आणि वर औषधपाण्याचा सगळा खर्च? धाकटीला पूर्ण पगाराचा मोह पडला होता. ताईनेच फोनवर झापलं होतं, "पगार काय चाटायचाय? शिर सलामत तर पगडी पचास. मुकाट्याने औषधपाणी घे."

घरपोच औषध मिळत होतं, आणि तरीही गेली? छे! ताईला पटतच नव्हतं. गेली त्याच्या आदल्या दिवशी तिने फोनवर विचारलं होतं, "इंजेक्शन घेतलंस ना गं?"

"घेतलं गं बाई. रोजच्यापेक्षा जास्तच घेतलं. काहीतरी बाधलंय नुसतं. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

ताईने फ्रिज उघडला. दूध, अर्धं लिंबू, बदकांची चित्रं असलेला छोटा पिवळा डबा. दारात इन्सुलिनची एकच बाटली. सील फोडलेलं, म्हणजे वापरातली. वरच्या रबराची सुयांनी पार चाळण झालेली. पण औषध गळ्यापर्यंत भरलेलं.

ताईने सिरिंजने थेंबभर काढून तळहातावर घेतलं आणि नाकाशी नेलं. आई होती तोवर आईला तीच टोचायची. इन्सुलिनला वास असतो, दवाखान्यातल्या नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखा. सुरुवातीला मळमळायचं तिला त्या वासाने.

या थेंबाला वास नव्हता.

"नर्सला बोलवा," ती म्हणाली. "आणि तुम्हीही थांबा."

शाळेची नर्स धापा टाकत आली.

"बाटल्या तुम्हीच देता?"

"हो. सीलबंद. दर महिन्याला."

"कधी कमी दिल्यात?"

"उलट जास्त दिल्यात! या खेपेला बाई स्वतःच म्हणाल्या, दोन जादा द्या. मी विचारलं, कशाला? तर नुसत्या हसल्या."

"इथे तर एकच आहे. त्या दोन कुठे गेल्या?"

"मला काय माहीत? विकल्या असतील..." ताईची नजर पाहून नर्सने जीभ चावली. "चुकलं माझं. पण बाहेर फार महाग आहे ना हे. खिशातून घ्यायचं म्हटलं तर जवळजवळ सगळा पगार जातो."

"खोलीची किल्ली आणखी कुणाकडे?"

"शेजारच्या गणिताच्या सरांकडे. बाई त्यांच्या मुलीला शिकवायच्या. सरच सकाळी बोलवायला गेले तेव्हा..." नर्सने पदराने डोळे पुसले.

गणिताच्या सरांनी दार उघडलं. रडून रडून डोळे लाल झालेले. शाळेत सगळ्यात जास्त पगार यांचा, असं मुख्याध्यापक जिना उतरताना म्हणाले होते. खोलीत मात्र एक खाट, एक खुर्ची आणि खोक्यात रचलेले कपडे. खाटेवर आठेक वर्षांची मुलगी पाय हलवत बसली होती. तिला सगळे चिमणी म्हणत.

ताईने पर्समधून लिमलेटची गोळी काढून पुढे केली. चिमणीने आधी वडिलांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"जेवण व्हायचंय तिचं," सर घाईने म्हणाले.

"बरं, गोळी नको तर नको. टाळी तरी देशील?"

चिमणीने टाळी दिली. बोटांची टोकं खरखरीत, त्यांवर बारीक काळे ठिपके. ताईने तो हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"तुम्ही बाईंच्या ताई ना?" चिमणी म्हणाली. "बाई मला वाढदिवसाला बदकं देणार होत्या."

"आई कुठे गं तुझी?"

"आजीकडे. मला भाऊ होणारे."

ताईने चिमणीला नर्सबरोबर बाहेर पाठवलं. मग सरांकडे वळली.

"तुम्ही पूर्ण पगार घेतलात ना?"

"हो. तेव्हा आमच्यात कुणी आजारी नव्हतं."

"तेव्हा?"

सर खोक्यातले कपडे सारखे करू लागले. मुख्याध्यापक घड्याळाकडे बघू लागले.

"मग मीच सांगते," ताई म्हणाली. "धाकटीच्या फ्रिजमधल्या बाटलीत पाणी आहे. वापरातली बाटली भरलेली कशी? कुणीतरी औषध काढून तेवढंच पाणी भरत होतं. रबराची चाळण त्यामुळेच. नर्स सीलबंद बाटल्या देते, तिला असले उद्योग करायची गरज नाही. करणाऱ्याकडे किल्ली हवी, आणि विकत घेता येत नाही अशी गरज हवी. चिमणीची बोटं मी पाहिली. धाकटीची लहानपणी अशीच होती. रोज टोचून रक्त तपासलं की होतात."

सर मटकन खाली बसले.

"इथे आल्यावर चिमणीला मधुमेह निघाला," ते म्हणाले. "करार बदलून द्या म्हणून या मुख्याध्यापकांच्या पाया पडलो. नियम नाही म्हणाले. पगार साठवलेला होता तोवर विकत घेतलं. मग... थोडं थोडंच काढायचो, ताई. आईशप्पथ, थोडंच. वाटायचं, बाईंना काय, नवी बाटली मिळतेच."

"एक दिवस पाणीच उरलं."

"हो."

"ती उलट्या करत होती तेव्हा कुठे होता तुम्ही?"

"दाराशी. बाई म्हणाल्या, काहीतरी बाधलंय. मला कळलं होतं काय झालंय. तोंड उघडलं असतं तर वाचल्या असत्या. माझं तोंडच उघडलं नाही."

हे ऐकायलाच ताई आली होती, आणि आता तिला ऐकवत नव्हतं.

"अहो, मागितलं का नाहीत तिच्याकडे?"

"कुठल्या तोंडाने? स्टाफरूममध्ये मीच तोऱ्यात सांगत फिरायचो, सवलती कसल्या मोजताय, आकडा बघा आकडा. बाईंना तर किती चिडवलं होतं."

ताई धाकटीच्या खोलीत गेली आणि पिवळा डबा घेऊन आली.

"हा कधी उघडून पाहिलात?"

"नाही. रोज दिसायचा. पण दुसऱ्याचा जेवणाचा डबा कसा उघडणार?"

ताईने झाकण काढलं. आत दोन सीलबंद बाटल्या आणि लहान मुलांच्या बारीक सुयांचं पाकीट.

"वाढदिवसाची बदकं," ती म्हणाली. "भूगोलाच्या बाईलाही बोटांवरचे ठिपके वाचता येतात, सर. तुमचा मान राहावा म्हणून ती वाढदिवसाची वाट बघत होती. मरताना चांगलं औषध हाताच्या अंतरावर होतं तिच्या. आपलीच बाटली चांगली समजून पाणी टोचत राहिली, चिमणीच्या औषधाला हात लावला नाही वेडीने." पुढे तिला बोलवेना. ती हमसून हमसून रडली.

सरांनी कपाळ फरशीवर टेकलं. "पोलिसांना बोलवा. पण माझी पोर..."

"तिला मी नेते तिच्या आईकडे. माझ्याच विमानाने." ताईने मुख्याध्यापकांकडे पाहिलं. "तिकीट शाळा काढेल. नियम नसला तरी."

मुख्याध्यापकांनी मान खाली घालून फोन उचलला.

संध्याकाळ झाली होती. चिमणीच्या इंजेक्शनची वेळ. ताईने डब्यातल्या बाटलीचं सील फोडलं, एक थेंब तळहातावर घेऊन नाकाशी नेला. पुसलेल्या फरशीचा वास आला.

"बाईंनी दिलं?" चिमणीने विचारलं.

"हो गं. तुझ्यासाठीच ठेवलं होतं."

चिमणीने डोळे घट्ट मिटून दंड पुढे केला. "दुखेल?"

"तुला नाही दुखणार," ताई म्हणाली.